अपघाताच्या जागी पहिली दहा मिनिटं: नेमकं काय करायचं? (ठाणे–नवी मुंबई)

नवा_सारथी

रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे. म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता. सुट्टीच्या दिवशी पाम बीच रोड. प्रश्न नेमके विचारतो, म्हणजे उत्तरंही नेमकी मिळतील.

एक, पुढे अपघात झालेला दिसला तर आपली गाडी अपघाताच्या अलीकडे लावायची की ओलांडून पुढे? उड्डाणपुलावर तर डावीकडे जागाच नसते.

दोन, जखमीला हात लावायचा की नाही? हेल्मेट काढावं म्हणणारे आणि मुळीच काढू नये म्हणणारे, दोन्ही भेटतात.

तीन, आपल्याच गाडीचा अपघात झाला तर गाडी बाजूला घ्यायची की पोलीस येईपर्यंत जागेवरच ठेवायची?

चार, मदत केली तर नंतर पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतात का?

'शांत राहा, घाबरू नका' हे माहीत आहे. त्याच्या पुढचं सांगा.

---

खाडीपूल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मोठ्या रस्त्यावर पहिल्या अपघाताइतकाच धोका दुसऱ्याचा असतो: मागून येणारा डंपर थेट मदत करणाऱ्यांच्या घोळक्यात घुसतो. म्हणून जखमीकडे धावण्याआधी मागचा रस्ता सांभाळायचा.

आधीच दोन-चार गाड्या थांबल्या असतील तर अपघात ओलांडून ३०-४० मीटर पुढे, अगदी डावीकडे लावा आणि चालत मागे या. अलीकडे आणखी एक गाडी उभी करून उपयोग काहीच नाही, रस्ता मात्र आणखी अरुंद होतो. कोणीच थांबलेलं नसेल आणि माणूस लेनमध्ये पडलेला असेल, तरच आपली गाडी आडोसा म्हणून अलीकडे १५-२० मीटरवर लावायची. चारही इंडिकेटर चालू, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि पुढची चाकं डावीकडे वळवलेली. चाकं वळवायची कारण मागून कोणी ठोकलंच, तर गाडी जखमीच्या अंगावर न जाता कडेला जाईल. त्या गाडीत कोणीही बसून राहायचं नाही. रात्री हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमने समोरच्यांचे डोळे दिपतात आणि जमिनीवरचा माणूस त्यांना दिसत नाही.

आता त्रिकोण, म्हणजे मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून रस्त्यावर ठेवायचा चमकणारा त्रिकोण. बहुतेक जण तो गाडीच्या मागे पाच पावलांवर ठेवतात, म्हणजे ठेवला न ठेवला सारखंच. हिशेब करा: ताशी ८० कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-४० मीटर, ओल्या रस्त्यावर ६० च्या वर. एकूण ७० ते १०० मीटर, आणि हे कारचं. भरलेल्या ट्रेलरला याहून जास्त लागतं. म्हणून शहरातल्या रस्त्यावर ५० मीटर, आणि पाम बीच, सायन-पनवेल महामार्ग, मुंब्रा बायपास अशा ठिकाणी किमान १००. साधारण १३०-१४० पावलं. विजेचे खांब मोजायचे तर तीन-चार खांब मागे.

त्रिकोण नेताना तो छातीसमोर, चमकणारी बाजू येणाऱ्या गाड्यांकडे करून धरा आणि शक्य असेल तर कठड्याच्या पलीकडून चाला. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे. उड्डाणपुलावर चढाच्या माथ्यापलीकडे अपघात असेल तर त्रिकोण माथ्याच्या अलीकडे, नाहीतर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गायमुखच्या घाटात हेच लागू.

त्रिकोण नसेल तर झाडाची फांदी, भडक कपडा, चालू टॉर्च धरलेला माणूस, काहीही चालेल. दगड मात्र नको. आपल्याकडे दगड मांडण्याची पद्धत आहे, आणि काम झाल्यावर ते तिथेच टाकून जायचीही. रात्री त्या दगडांवर दुचाकी गेली की झाला पुढचा अपघात.

थांबणं शक्यच नसेल (उजव्या लेनमध्ये आहात, मागे वेगात रांग आहे) तर थांबू नका. पुढे सुरक्षित जागी जाऊन ११२ लावा. तीही मदतच.

---

माजिवडा_नाका

खाडीपूल यांच्याशी सहमत. फोनबद्दल भर घालतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे वाया जातो.

११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळं मिळतं. फक्त रुग्णवाहिका हवी असेल तर १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा.

'घोडबंदर रोडवर अपघात झालाय' याला काही अर्थ नाही. सांगायचं ते असं: कुठून कुठे जाणारी बाजू (ठाण्याकडून बोरिवलीकडे), उड्डाणपुलावर की खालच्या सर्व्हिस रोडवर, जवळचा नाका (मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ) आणि त्या नाक्याच्या अलीकडे की पलीकडे. मेट्रोच्या खांबावर क्रमांक दिसत असेल तर तोही. रुग्णवाहिका चुकून पुलावर चढली तर पुढे जाऊन वळून येण्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

नवी मुंबईत आणखी एक भानगड: सेक्टर क्रमांक प्रत्येक नोडमध्ये (वाशी, नेरुळ अशा उपनगरात) नव्याने सुरू होतात. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, खारघरमध्येही आहे. नोडचं नाव आधी, सेक्टर नंतर.

मग जखमी किती, किती जण बेशुद्ध, कोणी अडकलंय का, आग किंवा गळती आहे का. पलीकडचा माणूस ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आणि जमलेल्यांना 'कोणीतरी फोन करा' असं ओरडून सांगू नका. एकाकडे बोट दाखवून 'निळा शर्ट, तुम्ही ११२ लावा आणि मला येऊन सांगा' असं म्हणा. नाहीतर वीस जण असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला.

---

घडीची_पट्टी

दुसरा प्रश्न माझा. प्रथमोपचार शिकवताना हेच प्रश्न दर वेळी येतात.

जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जा. दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर छाती हलते का ते दहा सेकंद बघा. मधूनच एखादी उचकी किंवा घरघर म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसेल तर पाठीवर सरळ ठेवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सें.मी., दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसाल तर नुसते दाब. दोन-दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्याचा दाब उथळ होतो.

रक्तस्राव: ओढणी, रुमाल, टी-शर्ट, जे स्वच्छ मिळेल त्याची जाड घडी करून जखमेवर तळहाताने जोरात दाबा आणि दाबून ठेवा. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघणं ही सगळ्यात मोठी चूक. प्रत्येक वेळी धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरी घडी, पहिली काढायची नाही. किमान दहा मिनिटं. हातापायातून रक्त उसळतंय आणि दाबूनही थांबत नाही, तरच वर आवळपट्टी बांधा: जखमेपासून ५-८ सें.मी. वर, सांध्यावर नाही, ४-५ सें.मी. रुंद कापडाची, काठी घालून पिळलेली. बांधल्याची वेळ पेनाने कपाळावर किंवा हातावर लिहा. रुग्णालयात पोचेपर्यंत सैल करायची नाही. सुतळी, तार, चार्जरची वायर नको, ती कातडी कापते. शरीरात घुसलेली सळई किंवा काच ओढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून ती स्थिर ठेवा.

हेल्मेट: श्वास चालू आहे आणि माणूस बोलतोय, तर राहू द्या, फक्त काच वर करा. श्वास नाही, तोंडात रक्त किंवा उलटी आहे, तर काढावंच लागतं, कारण मानेपेक्षा श्वास आधी. दोघं लागतात. एकाने खालून मान आणि जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून (किंवा कापून) हेल्मेटच्या कडा बाहेर ताणत, नाकाशी थोडं मागे कलवत ओढायचं.

हलवणं: आग, गळती, वाहता रस्ता, तुंबलेलं पाणी, यांपैकी काही असेल तरच. एरवी डोक्याशी गुडघे टेकून बसा आणि दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवा. बेशुद्ध पण श्वास चालू, आणि उलटी येतेय, तर तीन-चार जणांनी ओंडक्यासारखा एका ओळीत कुशीवर वळवा.

पाणी पाजू नका. शुद्धीवर असला तरी नाही. शस्त्रक्रिया लागली तर पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. दर अपघातात कोणीतरी बाटली घेऊन पुढे येतंच, त्याला त्रिकोणाजवळ पाठवा. पाणी आणणारा माणूस उत्साही असतो, काम दिलं की करतो.

आणि रिक्षा. बेशुद्ध माणसाला रिक्षात बसवलं की मान पुढे कलते आणि श्वासमार्ग बंद होतो. रुग्णवाहिका येणारच नसेल तर मागची सीट पाडलेली मोठी गाडी किंवा टेम्पो बघा, म्हणजे आडवं नेता येईल.

---

नवा_सारथी

मोलाची माहिती. एक उपप्रश्न: माझी गाडी सीएनजीची. अपघातात सीएनजी, इलेक्ट्रिक यांचं काय करायचं? आणि समोर टँकर असेल तर?

---

खाडीपूल

कुठलीही गाडी असो, आधी इग्निशन बंद. बटण-स्टार्ट गाडीत बटण दाबून दिवे गेलेत की नाही ते बघा आणि चावी गाडीपासून लांब न्या. सीएनजी असेल आणि डिकी उघडत असेल तर सिलेंडरवरचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा. फुसफुस आवाज येत असेल तर व्हॉल्व्हच्या नादी लागू नका, लांब व्हा. सीएनजी हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. एलपीजी जड, तो खाली साचतो आणि गटारात शिरतो. म्हणून एलपीजीच्या गळतीजवळ आपली गाडी सुरूसुद्धा करू नका, चालत निघा.

इलेक्ट्रिक गाडी बंद झाली तरी आवाज नसल्यामुळे कळत नाही. ती पी (पार्क) मध्ये आहे ना ते बघा. केशरी रंगाच्या केबलला हात नाही. बॅटरीला मार बसला असेल तर काही तासांनीसुद्धा पेट घेऊ शकते, म्हणून क्रेनवाल्याला तसं सांगून ठेवा आणि गाडी बंद पार्किंगमध्ये नेऊ देऊ नका.

बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळताच भडका उडतो. लॅच सोडून बोटभर फटीतून अग्निशामक यंत्राचा फवारा मारा. गाडीतलं एक किलोचं यंत्र जेमतेम आठ-दहा सेकंद चालतं, तेवढ्यात विझली नाही तर सोडून द्या. काच फोडायची तर बाजूची, आणि कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांची असते, फुटली तरी पडत नाही. गाडी उलटी झाली असेल तर बेल्ट कापण्याआधी माणसाला खालून आधार द्या, नाहीतर तो थेट डोक्यावर पडतो.

---

तळोजा_शिफ्ट

टँकरबद्दल. तळोजा, टीटीसी (ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा) आणि उरण-जेएनपीटी बंदराची ये-जा, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही.

धोकादायक मालाच्या टँकरवर माहितीची पाटी असते आणि तिच्यावर चार आकडी यूएन क्रमांक, म्हणजे आत कुठला माल आहे ते सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. लांबून, फोनच्या झूमने तो वाचा आणि ११२ ला सांगा. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरिन, १८३० सल्फ्युरिक आम्ल, १७८९ हायड्रोक्लोरिक आम्ल. क्रमांक कळला की अग्निशमन दल योग्य तयारीने निघतं.

टँकरकडे तोंड केल्यावर वारा पाठीवर येईल अशा बाजूला जा, म्हणजे गळती तुमच्यापासून लांब जाईल. रस्त्यावरचं ओलं ओलांडू नका, ते पावसाचंच पाणी असेल असं नाही. गाडीत असाल आणि निघता येत नसेल तर काचा वर आणि एसी बाहेरची हवा न घेणाऱ्या मोडवर. आणि टँकरमधून सांडलेलं पेट्रोल-डिझेल भरायला डबे घेऊन जमणाऱ्यांना हटकण्यात वेळ घालवू नका, तुम्ही लांब राहा.

---

कलम_१३४

तिसरा आणि चौथा प्रश्न.

कोणी जखमी नाही, नुसता पत्रा चेपलाय: फोटो काढा आणि गाडी बाजूला घ्या. फोटो असे: दोन्ही गाड्या एकत्र चारही कोपऱ्यांतून, लेनच्या रेषा आणि आजूबाजूची खूण दिसेल असे, नंबर प्लेट, ब्रेकच्या खुणा, मग नुकसान जवळून. दोन मिनिटांचं काम. दोघंही लेनमध्ये उभे राहून वाद घालत बसले तर माजिवड्यापर्यंत रांग लागते.

कोणी गंभीर जखमी किंवा मृत: गाड्या हलवू नका, पंचनामा व्हायचा असतो. माणूस सोडवायला किंवा धोका टाळायला हलवावीच लागली तर आधी चारही चाकांच्या जागा खडूने किंवा विटेच्या तुकड्याने आखून फोटो काढा. डॅशकॅम असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा. तो जुन्यावर नवं रेकॉर्ड करत राहतो, संध्याकाळपर्यंत पुरावा पुसलेला असतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४ प्रमाणे चालकाची कर्तव्यं: जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेण्यासाठी शक्य ते करणं, जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणं, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी हे कलम लागू होतं, म्हणजे पालिकेचा सिग्नलचा खांब पाडलात तरीसुद्धा. न पाळल्यास कलम १८७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जमावाचा राग अनावर असेल तर जागेवर थांबण्याची सक्ती नाही, कायद्यातच तसा अपवाद आहे. पण तिथून निघून थेट पोलीस ठाण्यात जायचं, घरी नाही. फरक तिथेच पडतो.

हद्दीची चिंता नको. वाशी खाडीपुलाच्या एका टोकाला नवी मुंबई, दुसऱ्याला मुंबई. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३), पुढे तो योग्य ठाण्याकडे जातो.

जागेवर 'चूक माझी, खर्च मी देतो' असं लिहून देऊ नका. विम्याच्या अटींमध्ये कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायला मनाई असते, आणि त्या चिठ्ठीवरून तुमचाच दावा अडतो. नुकसान मोठं असेल तर गाडी गॅरेजला नेण्याआधी कंपनीला फोन करा, नुकसान तपासणारा त्यांचा सर्व्हेअर जागेवर यायचं म्हणू शकतो. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढू देऊ नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा.

मदत करणाऱ्याबद्दल: कलम १३४अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलं, नियम सप्टेंबर २०२० मध्ये. नाव, पत्ता, ओळख सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. झालात तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी घेता येतो. सद्‌हेतूने केलेल्या मदतीत काही कमी-जास्त झालं तर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी नाही. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही की भरतीचे पैसे मागू शकत नाही. आणि 'पोलीस केस आहे, आधी कागद आणा' असं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय.

पैशांमुळे उपचार थांबू नयेत म्हणून मे २०२५ पासून केंद्राची रोकडविरहित उपचार योजना आहे: अपघातापासून सात दिवस, माणशी दीड लाखांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. ठोकून पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार भरपाई मिळते. जखमीच्या घरच्यांना हे सांगा, पुष्कळांना माहीत नसतं.

---

विटावा_सबवे

'अपघात करून पळून गेलं तर दहा वर्षं कैद' असं सगळीकडे फिरतं, ते बरोबर आहे का?

---

कलम_१३४

ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२). १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम लागू केलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास १०६(१), कमाल पाच वर्षं. म्हणून पळणं स्वस्त पडतं असं नाही. २४ तासांत न कळवणं हा वेगळा गुन्हा, आणि विमा कंपनीलाही आयतं कारण मिळतं.

---

माजिवडा_नाका

जे मदतीला थांबलेले नाहीत, नुसते रांगेत अडकलेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. मागे सायरन ऐकू आला की उजव्या लेनने उजवीकडे दुभाजकाला चिकटायचं, बाकीच्यांनी डावीकडे, मध्ये एक गाडी जाईल एवढी फट. हे रांग हलत असतानाच करावं लागतं, बंपरला बंपर लागल्यावर कोणालाच जागा करता येत नाही. म्हणून थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा. रुग्णवाहिका अडवली तर कलम १९४ई, दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि ती गेली की तिच्या मागे शेपटासारखं जाऊ नका. सर्व्हिस रोडला उलट दिशेने घुसणाऱ्या दुचाक्यांमुळे तर परतीची वाटही बंद होते.

अपघाताजवळून जाताना फोन काढून वेग कमी करणारे हेही रांगेचं एक मोठं कारण. पलीकडची, अपघात न झालेली बाजूसुद्धा त्यामुळेच तुंबते.

---

नवा_सारथी

सगळं लिहून घेतलं. त्रिकोण, टॉर्च, हातमोजे, दोन मोठ्या पट्ट्या, पेन हे डिकीत टाकतो आज.

---

खाडीपूल

डिकीत नको. मागून ठोकर बसली की डिकी उघडतच नाही. पुढच्या सीटखाली ठेवा, पण पिशवीत घालून आणि घट्ट अडकवून, सुटी वस्तू पेडलखाली जाते. बेल्ट कापायची सुरी आणि काच फोडायची हातोडी मात्र दाराच्या कप्प्यात, बेल्ट लावलेला असताना हात पोचेल अशी.